आंबा, ब्लॉकचेन आणि 2.2 सेकंद: खुलासा

‘वॉलमार्ट ब्लॉकचेनवर 2.2 सेकंदांत आंब्यातली भेसळ पकडतं’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकाच वेळी राहणारी, मागून बदलता न येणारी डिजिटल नोंदवही.

वॉलमार्टने आयबीएमसोबत हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर चाचणी घेतली. कापलेल्या आंब्याचं पाकीट मुळात कुठून आलं, एवढंच त्यात शोधलं. वॉलमार्टनेच जाहीर केल्याप्रमाणे आधी त्याला जवळपास 7 दिवस लागले होते, ब्लॉकचेनवर 2.2 सेकंद. वेग आला तो प्रत्येक टप्प्यावरची माहिती आधीच भरलेली असल्यामुळे.

ब्लॉकचेन फळ तपासत नाही. पॅकहाउसमध्ये (फळं निवडून भरायच्या जागी) दोन बागांचे क्रेट मिसळून एकच लॉट नंबर पडला, तर ती चूकच पक्की होते. दुरुस्तीची नवी नोंद टाकता येते, जुनी पुसता येत नाही. म्हणून व्यावसायिकांनी आधी लेबल आणि स्कॅनिंगची शिस्त लावावी, सॉफ्टवेअर नंतर. भेसळीसाठी प्रयोगशाळाच लागते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.