‘पुण्यात चालतंय कोण?’ या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरतोय. सारांश असा: पुण्यात चालतंय कोण? पदपथ रुंद करून रस्ते खाल्ले, म्हणून कोंडी वाढली. रुंद पदपथांवर शेवटी फेरीवालेच बसतात. दुकानदारांचा धंदा बुडतो. पादचाऱ्यांचा एवढा पुळका असेल तर त्यांच्यासाठी पूल बांधा, रस्ता गाड्यांना राहू द्या.

पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला. पायी जाणंही मोजलं, तेव्हा एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी निघाल्या. पुणं दुचाक्यांचं शहर आहे हे कबूल. पण पीएमपीच्या बसने जाणारा माणूस दोन्ही टोकांना चालतोच. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी चालतात, शाळेतली मुलं चालतात, आणि गाडी लावली की गाडीवालाही चालतो.

‘मग पदपथ रिकामा का, लोक रस्त्याच्या कडेनं का जातात?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मला आईबरोबर चालताना मिळालं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. घरापासून भाजीवाल्यापर्यंतचं अंतर जेमतेम चारशे मीटर. त्यात दर इमारतीच्या गेटपाशी पदपथ तुटतो. उतरा, पुन्हा चढा. मध्येच विजेची डीपी, मग झाडाचा पार, मग निखळलेले पेव्हर ब्लॉक. एका ठिकाणी टेप लावून पाहिली तर पायरी एकतीस सेंटिमीटर भरली, म्हणजे घरातल्या जिन्याच्या जवळजवळ दोन पायऱ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ चे निकष सांगतात की पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्या त्या चारशे मीटरमध्ये सलग पन्नास मीटरही तसे नाहीत. आई सरळ खाली उतरते आणि गाड्यांच्या बाजूनं चालते. तिला पदपथ नको आहे असा याचा अर्थ काढणं मला अन्यायाचं वाटतं.

खाली उतरण्याची किंमतही मोजलेली आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती.

आता कोंडी. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ २०१७ च्या सुमारास रुंद झाले, तेव्हापासून हा आरोप आहे. पण कडेला जिथे गाड्या उभ्या असतात तो पट्टा वाहतुकीच्या उपयोगाचा कधीच नसतो. एक मोटार उभी राहिली की दोन-अडीच मीटर रस्ता गेला, आणि तिच्या पुढे-मागे घुसू पाहणारे आणखी एक रांग अडवतात. रस्ता पार्किंगने खाल्लेला असतो, नाव मात्र पदपथाचं होतं. आणि गाड्यांसाठी जागा वाढवून कोंडी सुटते का, हे आपण विद्यापीठ चौकात पाहिलं. तिथला उड्डाणपूल कोंडी फोडायला बांधला होता. चौक तुंबतच राहिला, आणि पंधरा वर्षांच्या आत, २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी तो पाडावा लागला. जागा वाढली की गाड्याही वाढतात.

फेरीवाल्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. चालायची वाट अडली तर मलाही चीड येते. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे: सर्वेक्षण करा, विक्री समिती नेमा, जागा ठरवून द्या. रुंद पदपथावर चालायची वाट आणि विक्रीचा पट्टा वेगळा आखता येतो. अरुंद पदपथावर ते शक्यच नाही. दुचाक्याही वर चढतात, त्याला खांब रोवणं आणि दंड करणं हे उपाय आहेत. त्यासाठी पदपथच अरुंद ठेवायचा हे मला पटत नाही.

धंद्याबद्दल थोडक्यात. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला गाड्या बंद असतात तेव्हा एकदा जाऊन बघा, दुकानांसमोर माणसं थांबलेली दिसतील. माल उतरवायची व्यापाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी सकाळची वेळ ठरवून द्यायला हवी, आणि हे त्यांच्याशी आधी बोलून.

राहिला पूल. खालून ट्रक आणि बस जायची तर पुलाखाली साडेपाच मीटर मोकळे लागतात. म्हणजे रस्ता ओलांडायला दोन मजले चढायचे आणि दोन मजले उतरायचे. मुंबईत वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये पहिला स्कायवॉक झाला आणि नंतर कितीतरी झाले. जिथे ते थेट रेल्वेच्या पुलाला जोडले तिथे गर्दी चालते. नुसता रस्ता ओलांडायचा असेल तर लोक खालूनच जातात. ज्याच्या पायात सर्वांत कमी बळ आहे त्यानंच चढायचं, आणि इंजिनवाल्यानं सपाट जायचं, हा हिशेब मला मान्य नाही.

त्यापेक्षा चौकातला पादचारी सिग्नल वाढवा. चोवीस मीटरचा रस्ता ओलांडायला ठणठणीत माणसाला वीस सेकंद लागतात. आमच्या चौकात बारा मिळतात. आई दुभाजकापर्यंत पोहोचते आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुटलेल्या असताना तिथेच, दुभाजकाच्या कठड्याला धरून, पुढच्या फेरीची वाट बघते.