तुझा डेलिगेट कोण, विन्या?

२०२४ सालची गोष्ट, शुक्रवारी २६ जुलैला रात्री साडेआठला हिलक्रॉफ्टच्या त्या नेहमीच्या पार्किंग लॉटमध्ये, किराणा दुकानासमोरच्या ठोकळ्यांवर आम्ही पाचजण. ह्यूस्टनचा जुलै म्हणजे सूर्य गेला तरी डांबर तापलेलंच असतं, चहाचा कप हातात धरवत नव्हता. बेरिल येऊन गेल्यानंतरचा हा पहिला फुल कोरम. ८ तारखेला वादळ आलं, आमच्याकडे सहा दिवस लाइट नव्हती, नंदाताईकडे आठ दिवस, त्यामुळे सुरुवातीला अर्धा तास कोणाच्या फ्रीजरमधलं काय काय फेकावं लागलं त्याचाच हिशोब चालला होता. मग विन्या आला. गाडीतून उतरतानाच फोन हातात, आणि कोणाला नमस्कार नाही की चमत्कार नाही, डायरेक्ट सुरू. विषय अर्थात आदल्या रविवारचा: बायडेनने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली होती, आणि आता डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार पक्षाचे डेलिगेट, म्हणजे राज्याराज्यातून निवडलेले प्रतिनिधी, ठरवणार होते.

"लोकशाहीचा खून झालाय! मार्चमध्ये आपण बायडेनला मत दिलं, आणि आता कोण कुठले चार हजार लोक ठरवणार की कमला. मग माझ्या मताचं काय? आख्खी सिस्टिम रिग्ड आहे, ओपन अँड शट केस."

नंदाताई शांतपणे म्हणाल्या, "आपण म्हणजे कोण? तू दिलंस का मार्चमध्ये?"

विन्या फोनकडे बघायला लागला. शिरीष आधीच हसत होता कारण त्याला माहिती होतं, ५ मार्चला, प्राइमरीच्या म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या दिवशी, विन्या डॅलसला होता आणि अर्ली व्होटिंगच्या सगळ्या दिवसांत त्याला "वेळ मिळाला नाही".

"तो मुद्दा नाहीये ताई. प्रिन्सिपल बोलतोय मी. कोणी न निवडलेली लोकं..."

"निवडलेली आहेत. तू निवडली नाहीस एवढंच."

इथे मला सांगितलंच पाहिजे की नंदाताई जूनमध्ये एल पासोला पक्षाच्या स्टेट कन्व्हेन्शनला, म्हणजे राज्य अधिवेशनाला, जाऊन आल्यात. स्वतःच्या खर्चाने, अकरा तास गाडी चालवत, टेक्सासच्या या टोकावरून त्या टोकाला, तिथे पोचल्यावर घड्याळसुद्धा एक तास मागे करावं लागतं एवढं लांब. रिटायर्ड नर्स आहेत, सदुसष्ट वय. त्या तिथे आपल्या सिनेट डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे राज्याच्या सिनेटच्या मतदारसंघातून, शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनाची डेलिगेट व्हायला उभ्या राहिल्या आणि हरल्या. आमच्या ग्रुपवर त्यांनी तेव्हा फोटो टाकला होता, त्याला तीन अंगठे आले आणि त्याच्या खाली विन्याने गुड मॉर्निंगचा सूर्य टाकला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

"मला माहितीय माझी डेलिगेट कोण," ताई म्हणाल्या. "शाळेत शिकवते. मला हरवून गेली. तिचा नंबर आहे माझ्याकडे, रविवारी बायडेनचं पत्र आलं तसा मी तिला फोन केला, काय करणार आहेस विचारलं, पंधरा मिनिटं बोललो आम्ही. तुझा डेलिगेट कोण, विन्या?"

"पण ते बायडेनचे होते ना? बायडेनला शब्द दिलेले, प्लेज्ड होते ना?"

"पार्टीच्या नियमात काय लिहिलंय माहितीय? ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना प्रामाणिक सद्सद्विवेकाने मांडाव्यात. बांधून ठेवलंय असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि ज्याच्यासाठी प्लेज होती तोच म्हणाला मी लढत नाही, तर आता प्लेज काय फोटोला हार घालून ठेवायची का?"

"हे तर गुवाहाटी झालं!" विन्याला एकदम सापडलं, आणि त्याने ते तीनदा म्हटलं.

"कुठली गुवाहाटी? हॉटेल नाही, चार्टर प्लेन नाही. शिकागोला जाणारी माणसं तिकीट स्वतःच्या पैशाने काढतात, खोली स्वतःच्या पैशाने घेतात. आणि कमलाला फॉर्म भरायचा तर ३०० डेलिगेटच्या सह्या लागतात, त्यातही एका राज्याच्या ५० च्या वर चालत नाहीत. तुमच्याकडे काय आहे? अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री मुंबईहून एबी फॉर्म येतो, तोवर तालुक्यातल्या माणसाला माहिती नसतं तिकीट कोणाला. त्या एबी फॉर्मवर कोणाची सही असते, तुझ्या काकांची?"

विन्याचे काका पंचायत समितीला एकदा उभे होते, बी फॉर्म ऐनवेळी दुसऱ्याला गेला, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे एवढं हसू झालं की दुकानातला पोरगा बाहेर बघायला आला.

बापू एवढा वेळ गप्प होते. बापू म्हणजे आयुष्यभर अकाउंट्स, आकडा चुकला की त्यांना झोप येत नाही. ते म्हणाले, "पण नंदा, विन्या बोलतोय त्यात एक खरंय. इकडे मत आणि डेलिगेट यांचं गणित कधीच सरळ नव्हतं. दोन हजार आठ आठवा."

झालं. दोन हजार आठ निघालं की आमच्या कट्ट्यावर दोन तास जातात, आणि मला ते दोन तास कधीच वाया गेलेले वाटत नाहीत, कारण डेमोक्रॅटिक उमेदवारी हिलरीला की ओबामाला ठरवणाऱ्या त्या प्राइमरीत माझं या देशातलं पहिलं मत दिलेलं आहे. ४ मार्च. दिवसा मत द्यायचं आणि मतदान संपल्यावर सव्वासातला परत त्याच केंद्रावर येऊन प्रिसिंक्ट कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे त्या केंद्राच्या भागाच्या सभेत, कागदावर आपलं नाव आणि कोणाच्या बाजूने ते लिहायचं, टेक्सास टू-स्टेप म्हणायचे त्याला. टेक्सासचे एकूण २२८ डेलिगेट, त्यातले १२६ दिवसाच्या मतावर, ६७ रात्रीच्या सभांपासून सुरू होणाऱ्या साखळीतून, बाकीचे ३५ सुपरडेलिगेट, म्हणजे खासदारांसारखे पदामुळे आपोआप डेलिगेट होणारे. दिवसा हिलरी जिंकली, लाखभर मतांनी. रात्री ओबामा जिंकला. दिवसाचे ६५-६१ हिलरीकडे, रात्रीचे ३८-२९ ओबामाकडे. बेरीज करा, ९९ ओबामा, ९४ हिलरी.

"म्हणजे जिंकली ती आणि जास्त मिळाले त्याला!" विन्या. "हेच तर मी म्हणतोय!"

"तू काहीच म्हणत नाहीयेस, तू नुसता ओरडतोयस," ताई म्हणाल्या. "त्या रात्री तू कुठे होतास ते सांग."

आता इथे जुनी जखम आहे. २००८ ला विन्या आणि नंदाताई दोघं हिलरीचे, एकाच प्रिसिंक्टमध्ये. दुपारी दोघांनी बरोबर मत दिलं, आणि संध्याकाळी सव्वासातला शाळेच्या कॅफेटेरियात भेटायचं ठरलं. ताई ड्युटी संपवून युनिफॉर्मवर आल्या. लहान मुलांची ती बुटकी बाकं, रांग दारातून बाहेर पार्किंगपर्यंत, सह्यांचे कागद संपले मग कोणीतरी वहीची पानं फाडून दिली. साडेदहा वाजले. ओबामाच्या बाजूला पन्नास-साठ माणसं आणि हिलरीच्या बाजूला बावीस. ताई अजून बावीस म्हणताना एक बोट विन्याकडे करतात. तेविसावा तो, जो "दहा मिनिटात येतो" म्हणाला आणि घरी जाऊन सोफ्यावर झोपला.

"अहो ताई, मी ऑफिसमधून दमून..."

"मीसुद्धा ड्युटीवर उभी होते वॉर्डात. हिलरीला मत देणारी आपल्या भागातली किती माणसं अशीच घरी गेली! दुपारी जिंकलो असं वाटलं आणि रात्री जेवून झोपले. ओबामाची पोरं यादी घेऊन फिरत होती, फोन करत होती, म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणत होती. त्यांनी नियम वाचला होता. आपण टीव्ही बघत होतो."

बापू ओबामाचे होते, त्यामुळे त्यांनी मान हलवली पण जिंकल्याचा चेहरा केला नाही, ते तसले नाहीत. ते म्हणाले, "आणि दिवसाचं गणितही बघ. सिनेट डिस्ट्रिक्टप्रमाणे डेलिगेट वाटलेले, ३१ डिस्ट्रिक्ट, आणि कोणाला किती ते २००४ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या केरीला आणि २००६ ला गव्हर्नरच्या इलेक्शनला आपल्या बेलला किती मतं पडली त्यावर. ऑस्टिनला आठ. इथे आपल्या ह्यूस्टनच्या १३ नंबरला सात. खाली रिओ ग्रांदच्या खोऱ्यात, जिथे हिलरीला भरभरून मतं, तिथे तीन नाहीतर चार, कारण आधीच्या दोन इलेक्शनला तिथली माणसं बाहेर पडली नव्हती. आणि चार डेलिगेटचा डिस्ट्रिक्ट असेल तर साठ टक्के मिळवले तरी दोन-दोन. साडेबासष्टच्या वर गेलात तर तीन-एक. तीनचा असेल तर एक्कावन्न टक्क्यालाही दोन-एक."

हे ऐकून मला दरवेळी तेच वाटतं, की खोऱ्यातल्या माणसाचं २००८ चं मत चार वर्षं आधीच कमी करून ठेवलं होतं, त्याच्या शेजाऱ्याने २००४ ला घरी बसून. आणि रात्रपाळीवाल्याचं, लहान मूल असलेल्या बाईचं त्या सव्वासातच्या सभेत काहीच नव्हतं. ती टू-स्टेप २०१६ पासून बंद झाली ते बरंच झालं, मी हे ताईंसमोरही बोललो. ताई म्हणाल्या, "बंद झाली ते चांगलंच. पण आता एकच मत राहिलं म्हटल्यावर लोक त्यालाही येत नाहीत. तेव्हा आपल्या प्राइमरीला अठ्ठावीस लाखांच्या वर आले होते. यंदा दहा लाखही नाहीत."

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग शिरीष. शिरीष रिपब्लिकन प्राइमरीत मत देतो, त्यावरून त्याला दर शुक्रवारी दोन तरी टोमणे बसतात आणि तो मनावर घेत नाही. "आमच्याकडे २०१६ ला बघा. टेक्सासची प्राइमरी इथल्याच सिनेटर क्रूझने मारली, १०४ डेलिगेट, ट्रम्पला ४८. मग क्लीव्हलंडला पक्षाच्या अधिवेशनात क्रूझ स्टेजवर उभा राहून म्हणाला सद्सद्विवेकाने मत द्या, तर हॉलमध्ये अशी हुर्यो उडवली की विचारू नका. ताई, तुमच्या पार्टीत सद्सद्विवेक नियमात लिहिलाय, आमच्यात तो शब्द काढला की पळवून लावतात."

"म्हणून तर तुला म्हणते इकडे ये," ताई म्हणाल्या.

"नको, तुमच्याकडे मीटिंगा फार."

बापूंनी मध्येच शीला जॅक्सन ली यांचा विषय काढला. गेल्याच शुक्रवारी गेल्या. १९९५ पासून इथल्या खासदार, आमच्या मंडळींपैकी प्रत्येकाचा कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात त्यांच्याबरोबर फोटो आहे. २००८ ला त्या सुपरडेलिगेट, त्यांचा मतदारसंघ ओबामाकडे वाहून गेलेला, आणि त्या हिलरीबरोबर उभ्या राहिल्या. "आता यात कोण बरोबर?" बापू म्हणाले. "मतदार एकीकडे, त्यांचा शब्द एकीकडे."

"शब्द," ताई म्हणाल्या.

"आणि मतदार?"

"मतदारांनी त्यांना नंतरही दर वेळी निवडून दिलं ना? राग आला असता तर काढलं असतं. दोन वर्षांनी परत दारात जावं लागतं म्हणून तर त्यांना ती हिंमत होती." मला हे सगळं पटलं असं नाही, पण त्या बाई गेल्याच्या आठवड्यात ते ऐकताना घसा दाटला.

विन्याला गंभीर शांतता सोसत नाही. "ठीके ठीके. पण ताई, तुम्ही एवढं एल पासोला गेलात, हरलात, फायदा काय झाला?"

मला राग आला होता, पण ताईंना नाही आला. त्या म्हणाल्या, "एका मिनिटाचं भाषण मिळतं. आधी कॅम्पेनने तुझं नाव यादीत ठेवलं पाहिजे, मग डिस्ट्रिक्टची माणसं एका खोलीत बसतात, बायका-पुरुष निम्मे-निम्मे निवडायचे असतात. मी म्हणाले, मी सोळा वर्षांपूर्वी शाळेच्या बाकावर साडेदहापर्यंत बसले होते, तेव्हापासून एकही सभा चुकवली नाही. टाळ्या पडल्या. मतं कमी पडली. पण विन्या, त्या खोलीत आपल्या रंगाच्या, आपल्या नावाच्या बायका किती होत्या? दोन. मी आणि एक तेलुगू मुलगी. दोघी हरलो. पुढच्या वेळी चार जणी पाहिजेत तिथे, तर एक निवडून येईल. हे गणित बापूंनाही विचार."

बापू म्हणाले, "बरोबर आहे गणित."

विन्या ठोकळ्यावरून उठला, पँट झटकली, आणि मी त्याला अठरा वर्षं ओळखतो, पहिल्यांदाच त्याने आवाज न चढवता विचारलं, "मार्चमधलीच ना ती पहिली सभा? आपल्या भागातली? पुढच्या वेळी सांगा मला. येतो. नक्की येतो. काही आणायचं असतं का?"

"हो," ताई म्हणाल्या. "जनरेटर."

आता हे तुम्हाला माहिती नसेल तर, विन्याच्या गॅरेजमध्ये नवाकोरा जनरेटर होता, बेरिलच्या आठही दिवसांत त्याच्याकडे एसी चालू होता, आणि समोरच्या गल्लीत राहणाऱ्या ताईंच्या फ्रीजरमधल्या चाळीस पुरणपोळ्या गेल्या. कट्ट्यावर हे सगळ्यांना माहिती होतं आणि तोपर्यंत एकानेही काढलं नव्हतं. शिरीष हसता हसता गाडीच्या बॉनेटवर आडवा झाला, बापूंचा चहा सांडला, आणि विन्या हात जोडून म्हणत होता अहो ताई एक फोन करायचा होता की हो, आणि ताई म्हणत होत्या केला होता रे, दहा मिनिटात येतो म्हणालास.