खुलासा : स्टान ओकर्स यांचा मृत्यू 'तूर द फ्रान्स'मध्ये झाला नाही

बेल्जियमचे सायकलपटू स्टान ओकर्स विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी अंगात असताना 'तूर द फ्रान्स' या फ्रान्समधील अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीत पडून मरण पावले, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२९ सप्टेंबर १९५६ रोजी अँटवर्पच्या स्पोर्टपालाइसमधील बंदिस्त ट्रॅकवर ते पडले आणि १ ऑक्टोबरला, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि पेडल मागच्या चाकाशी थेट जोडलेले असते. त्यामुळे पुढचा सायकलपटू अडखळला की मागच्याला सावरायला जागाच उरत नाही. विश्वविजेतेपद त्यांनी १९५५ साली इटलीत फ्रास्कातीला जिंकले होते. अपघाताच्या महिनाभर आधीच ते विजेतेपद, आणि त्यासोबतची जर्सी, बेल्जियमच्याच रिक व्हान स्टीनबर्गेन यांच्याकडे गेली होती.

ओकर्स यांनी 'दोनदा तूर जिंकली' असेही सांगितले जाते, तेही खरे नाही. १९५० मध्ये स्वित्झर्लंडचे फर्डी कुब्लर आणि १९५२ मध्ये इटलीचे फाउस्तो कोप्पी यांच्यामागे ते दुसरे आले. १९५५ आणि १९५६ मध्ये मिळाली ती हिरवी जर्सी, म्हणजे तूरमधल्याच गुणांच्या वेगळ्या स्पर्धेचे बक्षीस; घोटाळा बहुधा इथलाच. तेव्हा रोजच्या क्रमांकांची बेरीज होई आणि सर्वांत कमी गुणवाला जिंके. म्हणजे रोज पुढे राहणाऱ्याचा तो मान.

पुढे पाच वेळा तूर जिंकणारे बेल्जियमचे एडी मर्क्स यांचे बालपणीचे आदर्श मात्र ओकर्सच, तेवढे बरोबर आहे.