डावा पडला तोही कौलच ना?

आज सकाळी देवळात जे बघितलं त्याने डोकं फिरलंय. मुंबईहून एक चाकरमानी आला होता. वडिलोपार्जित कलमांची बाग विकायची, त्याचा कौल, म्हणजे देवाला हो की नाही ते विचारणं. पहिल्यांदा डावा पडला, म्हणजे नाही. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा डावा. मग गुरवाला म्हणतो, "असं विचारा, ह्या वर्षी नको तर पुढल्या वर्षी विकू का?" उजवा पडला. लगेच बाहेर येऊन फोन: "देव हो म्हणाला."

अरे, देव दोनदा नाही म्हणाला होता!

कौल फक्त व्हिडिओत बघितलेल्यांसाठी सांगतो. रीत गावागणिक वेगळी, कुठे पाकळ्या, कुठे कळे, कुठे तांदूळ. पाकळ्यांचा कौल असेल तर त्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतात, उजवीकडे जेवढ्या तेवढ्याच डावीकडे. ज्या बाजूची पाकळी आधी पडेल, तो देवाचा कौल. उजवं म्हणजे देवाचं उजवं, समोर उभ्या माणसाचं नव्हे. मग नारळ ठेवून गाऱ्हाणं: "ह्यां काम होवचां असात तर उजवो कौल दी, होवचां नसात तर डावो दी, रे म्हाराजा!" आणि मागचे सगळे "व्हय म्हाराजा!" त्या 'व्हय' मध्ये डावाही आला. दोन्ही बाजू आधीच कबूल करून मग विचारायचं असतं, म्हणून तर गाऱ्हाण्यात दोन्ही बोलतात.

हो, पाकळी पाणी सुकलं की पडते. कळतंय. कमेंटमध्ये विज्ञान शिकवू नका. चांगल्या गुरवाला ते तुमच्याआधी ठाऊक असतं. म्हणून तो एकाच फुलाच्या, सारख्या आकाराच्या पाकळ्या निवडतो. पाणी जास्त झालं तर पाकळी लावल्या लावल्या घसरते, कमी झालं तर चिकटतच नाही. पाषाणावर अभिषेकाचं तेल-तूप राहिलं असेल तर तो आधी पुसून घेतो, आणि गाभाऱ्यातला पंखा बंद करतो. दोन्ही एकदम पडल्या किंवा एकही हलली नाही तर देव बोलला नाही असं धरून पुन्हा लावतो. प्रश्नही एकच. "विकू का आणि कोणाला विकू" असं एकत्र विचारलं तर उजवा नेमका कशाला, कोण सांगणार?

खुलासा मागणं वेगळं आणि निकाल बदलून मागणं वेगळं. आजचा तो बागवाला निकाल बदलून मागत होता. ह्याला श्रद्धा म्हणू नका. स्वतःच्या अकलेवर देवाचा शिक्का मारून घेणं झालं हे.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, भराडी देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की अख्खी मुंबई रजेचे अर्ज आणि रेल्वेची तिकिटं त्या तारखेला जुळवते. "शनिवार-रविवार बघून दुसरी तारीख विचारा" असं कोणी म्हणतं का? आचऱ्याला गावपळण असते तेव्हा ग्रामदैवत रामेश्वराच्या हुकमावर गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. मग परत यायलाही कौल लागतो, आणि तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. पोरंबाळं झोपडीत, पण मुक्काम वाढतो. आणि हा माणूस पाच मिनिटं डावा कौल सोसू शकला नाही.

छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, कौल नंतर. तिथे पाकळी सुकायची वाट बघणाऱ्याला देवही हसेल.

खरं सांगायचं तर लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून होता. कर्ज असेल. घाबरलेला माणूस 'नाही' ऐकायला आलेलाच नसतो, त्याला नुसता आधार हवा असतो. तेवढं समजू शकतो. पण मग गाऱ्हाणं घाल, रड, नवस बोल, ते सगळं देवळात चालतं. कौल कशाला लावतोस?

त्याच्यानंतर एक म्हातारी होती. मुलीच्या स्थळाचा कौल. डावा पडला. "बरां देवा" म्हणाली, ती पाकळी पदराच्या टोकाला बांधली आणि नऊची एसटी पकडायला निघून गेली. नारळाचे पैसे तिने आधीच दिले होते.