जुन्या आरएक्सचा बॅफल काढू नका : फिरत्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर आमच्या परळ-लालबागच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोबत कुठल्यातरी थंड देशातल्या जुन्या स्नोमोबिलचा व्हिडिओ आहे. एक माणूस तिचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) काढतो, कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल मापून सोडणारी भोकाची चकती) घालतो आणि ती बर्फावरून बाणासारखी सुटते. खाली मराठीत लिहिलंय : स्नोमोबिल काय आणि आपली यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल काय, दोन्ही टू-स्ट्रोक, तिथे चालतं ते इथेही चालतं. बॅफल (सायलेन्सरच्या शेपटीतली आवाज दाबणारी नळी) काढा, फिल्टर काढून मोठा जेट घाला, ऑइल पंप बंद करून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा, १३५चा बोअर (आरएक्स १३५चा मोठा सिलिंडर) चढवा, कागदपत्रांचं नंतर बघा. आणि इंजिन उघडायच्या भानगडीत पडू नका, टू-स्ट्रोकला मेंटेनन्स लागत नाही.

माझ्या मावसभावाच्या मुलाने नुकतीच जुनी आरएक्स घेतली. त्याने हाच मेसेज मला पाठवून विचारलं, "काका, करू का?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो. आपल्याकडे ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्ससुद्धा आज तिशीच्या आसपास आहे. असा मेसेज वाचून कोणी एखादं चांगलं इंजिन खराब केलं की मला मनापासून वाईट वाटतं.

"बॅफल काढला की पिकअप वाढतो." वाढतो तो आवाज. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाताना वाल्व्ह उघडझाप करतो. टू-स्ट्रोकमध्ये ते काम पिस्टनच करतो. जळलेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं थोडं धुराबरोबर सायलेन्सरमध्ये निसटतं. आरएक्सच्या सायलेन्सरला मध्ये जे पोट आहे ते यासाठीच. रुंद होत जाणारा भाग दाबाची लाट उलटवून सिलिंडरमधला धूर ओढून घेतो आणि पुढचा निमुळता भाग निसटलेलं मिश्रण परत आत ढकलतो. शेपटीला बॅफल असतो, तो आतला दाब सांभाळतो. बॅफल काढला की हे गणित बिघडतं आणि आधी मार बसतो तो खालच्या आरपीएमच्या ओढीला. लालबागच्या पुलाखालच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर तुम्हाला नेमकी तीच ओढ हवी असते.

खरा फायदा बॅफल काढण्यात नाही, साफ करण्यात आहे. मागचा एक स्क्रू काढला की तो बाहेर सरकतो. वर्षानुवर्षं ऑइल जळून त्यावर डांबरासारखा काळा थर बसलेला असतो, कधी भोकंही बुजलेली असतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा (हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि त्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग टाकू नका), सकाळी तारेच्या ब्रशने घासा, धुवा, वाळवा आणि परत बसवा. मेलेली आरएक्स एवढ्यावर जिवंत झालेली मी पाहिली आहे. कायद्याचंही सांगतो. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिन्यांसाठी जातं. पण कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकरा वाजता केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या भिंतीलगत बॅफल काढलेली गाडी पिळणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. आत कोण कसं झोपलंय ते आपल्या परळकरांना माहीत आहे.

"फिल्टर काढा, मोठा जेट घाला, व्हिडिओत बघा." व्हिडिओतला माणूस चुकलेला नाही, तो त्याच्या हवेत बरोबर आहे. थंड हवा दाट असते. उणे २० अंशाला जेवढ्या जागेत हवा मावते, त्या मानाने आपल्या ३३ अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत साधारण सहाव्या हिश्शाने कमी मावते. हवा दाट म्हणजे प्राणवायू जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त आणि जेटही मोठा. स्नोमोबिलवाले थंडी किती आणि डोंगर किती उंच ते बघून जेट बदलतात. त्यांचा नंबर इथे उतरवून काय उपयोग? मिकुनीचा व्हीएम कार्बोरेटर तिथेही असतो आणि आरएक्सलाही असतो, एवढ्यावरून कोणी फसू नये.

फिल्टर काढल्यावर हवा किती वाढली हे अंदाजाने कळत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं (याला मिश्रण कोरडं होणं म्हणतात) तर इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर मिश्रण आधीच थोडं कोरडं होतं. त्यात फिल्टर काढला की कोरड्यात कोरडं. रस्त्यावरची धूळ आणि सगळीकडे चाललेल्या बांधकामांची सिमेंटची पूड सरळ क्रॅंकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) बेअरिंगवर जाते ती वेगळीच.

हे मी भोगलंय. बाबांची १९९१ची आरएक्स होती. कॉलेजात असताना एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी तिला कोनासारखा उघडा फिल्टर लावला, जेट तोच ठेवला. विक्रोळीजवळ हायवेवर गाडी मोकळी सोडली होती. एकदम आवाज बसला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लच आपोआप दाबला गेला म्हणून आज लिहितोय. नंतर बॅरल (सिलिंडर) काढला तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभ्या चरांची रांग होती, आणि बॅरलच्या भिंतीला चांदीच्या वर्खासारखं वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं. फिल्टर मूळचाच स्पंजचा ठेवा, रॉकेलमध्ये धुऊन, ऑइल लावून, पिळून. जेट बदलायचाच असेल तर स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग बघून बदला. चॉकलेटी असेल तर हात लावू नका. पांढराफटक असेल तर गाडी जोरात चालवूच नका, आधी कारण शोधा.

"ऑइल पंप बंद करा, जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा." आरएक्सचा पंप थ्रॉटलच्या केबलला जोडलेला असतो आणि इंजिनच्या वेगावरही चालतो. त्यामुळे घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय, अशा वेळीही तो थोडं ऑइल देत राहतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल मात्र पेट्रोलबरोबरच येतं, आणि थ्रॉटल बंद असताना पेट्रोलच फार थोडं येतं. पंप खरंच गेला असेल तर मिसळून चालवणं चुकीचं नाही, पण मापाने : लिटरला २० ते २५ मिली. दुप्पट ओतलं तर तेवढ्या जागेत पेट्रोल कमी जातं आणि कार्बन साठतो. पंप चालू असेल तर केबलच्या खुणा जुळवा, नळीतले हवेचे बुडबुडे काढा आणि त्याला त्याचं काम करू द्या.

"१३५चा बोअर चढवा." ९८ सीसीचं इंजिन ११ अश्वशक्ती देतं, आणि ही गाडी पुढे-मागे ड्रम ब्रेकवर थांबते. ताकद वाढली, ब्रेक तेच. पावसात ड्रम ओला झाला की पहिल्या दाबाला गाडी थांबत नाही, हे आरएक्सवाल्याला वेगळं सांगायला नको. ज्याला ताकद हवी त्याने आधी ब्रेक शू, केबल आणि टायर नवे घालावेत.

"कागदपत्रं नंतर." आरसी बुकात ९८ सीसी आणि खाली दुसरंच इंजिन, असा बदल परवानगीशिवाय कलम ५२ खाली चालत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करता येत नाहीत असं स्पष्ट केलं. शिवाय १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी, त्यासोबत पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते. गाडी विकत घेताना चॅसिस नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. पैसे त्यानंतर द्या.

उरला तो सगळ्यात घातक सल्ला : "इंजिन उघडू नका." टू-स्ट्रोकचा क्रॅंककेस म्हणजे नुसती पेटी नाही, तो पंप आहे. मिश्रण आधी तिथे येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रॅंकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. मॅग्नेटोकडचं (वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूचं) सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण कोरडं होतं. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. माझ्या त्या गाडीचं मॅग्नेटोकडचं सील नंतर हातात घेतलं तर नखाने दाबत नव्हतं, लाकडासारखं कडक, आणि ओठाला बारीक तडा. फिल्टरने घात केला तो अर्धाच.

हे घरीच तपासता येतं. बॅरलवरून सायलेन्सर काढून तिथे रबराची चकती घालून बंद करा, कार्बोरेटरच्या जागी नळीचं बूच बसवा, प्लग घट्ट करा. आईचं ब्लड प्रेशरचं यंत्र घ्या, तेच फुगा दाबायचं, काटा असलेलं. ते नळीला जोडून हळूहळू ३०० पर्यंत हवा भरा, म्हणजे साधारण ६ पीएसआय होते. पिस्टन खाली असू द्या. काटा पाच मिनिटं जवळपास तिथेच राहिला तर सील ठीक. झपाट्याने उतरला तर मॅग्नेटो काढून साबणाचं पाणी लावा, फेस कुठे फुगतो ते दिसेल.

मुंबईत हे जास्तच महत्त्वाचं आहे. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि गाडी बहुतेक वेळा उघड्यावर. इथेनॉल ओलावा धरतं, महिनाभर उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि गंज धरतो. गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. पेट्रोलची जुनी रबरी नळी बदलाच. आणि हिंदमाताच्या पाण्यात गाडी बुडाली तर किक मारू नका. प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या, आत टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा आणि तशीच ढकलत न्या. क्रॅंकच्या बेअरिंगला पाणी एक आठवडा लागलं तरी पुढे सगळं उघडावं लागतं.

पोराने आईच्या यंत्राने तपासून रात्री फोन केला. काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर आला होता. मोठा जेट त्याने दुकानदाराला परत दिलाय आणि शनिवारी आम्ही दोघं सील आणि बेअरिंग आणायला नागदेवीला जातोय.