गाडी १९६३ची, इंजिन परवाचं

इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या शर्यती बघितल्या की दर वेळी डोकं फिरतं. मोटार शर्यतींची जागतिक संघटना म्हणजे एफआयए. जुन्या गाड्यांसाठीची तिची नियमावली ‘अपेंडिक्स के’ सांगते, गाडी तिच्या काळात जशी धावली तशीच हवी. बदल केलाय? मग तो त्याच काळात, त्याच मॉडेलवर झाल्याचा पुरावा आणा. कुठल्या तरी जुन्या अंकातला एक धूसर फोटो सापडला की मालक असा मिरवतो, जणू सातबाराच हाती लागला!

लोटस कॉर्टिनाच घ्या. १९६३ची गाडी, १५५८ सीसी, रस्त्यावरच्या मॉडेलची ताकद साधारण १०५ हॉर्सपॉवर. बॉनेट उघडलं की त्या काळचेच दोन वेबर कार्ब्युरेटर, सगळं कसं सोज्वळ. आणि आत? कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेला क्रँकशाफ्ट, आजचे पिस्टन, कॉम्प्युटरवर आखलेला कॅम. म्हातारपणी गाडी तरुणपणापेक्षा जोरात पळते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही!

रोल केज, सीटबेल्ट नवे हवेतच, जिवाशी खेळ नको (त्याबद्दल माझी तक्रार नाही). पण तपासनीस बाहेरून दिसणाऱ्या किरकोळ गोष्टींवरून हुज्जत घालणार आणि इंजिनाच्या पोटात डोकावणार नाहीत, हे काय? खरंच जुनं इंजिन जपून पळवणारा बिचारा शेवटून दुसरा येतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अहो, सगळेच करतात.’

मग नियम छापता कशाला? एकदा शर्यत संपल्यावर पहिल्या तीन गाड्यांची इंजिनं खोला की, तिथेच, सगळ्यांसमोर!