फुकटच्या सॉफ्टवेअरचे आकडे आणि अमोनियाचा तक्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बर्फ कारखान्यांवरच्या लेखात मी कूलप्रॉप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून काढलेले अमोनियाचे आकडे दिले होते. या कारखान्यांत बर्फ गोठवण्यासाठी अमोनियाच फिरवतात. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो. एन्थाल्पीचे (म्हणजे किलोमागे पदार्थात असलेल्या उष्णता-ऊर्जेचे) आकडे तुमच्या पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा साधारण वीसने जास्त येतात, म्हणजे ते चुकीचेच. आणि ऑपरेटर गेज बघून प्लांट चालवतो, त्याला या सगळ्याचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण खरी मेख तिथेच आहे. एन्थाल्पीला मुळात स्वतःचं शून्य नसतं, ते आपण ठरवायचं. मी आंतरराष्ट्रीय प्रशीतन संस्थेची पद्धत लावली होती. तिच्यात 0 अंश सेल्सिअसच्या संपृक्त (उकळायच्या बेतात असलेल्या) द्रवाची एन्थाल्पी किलोमागे 200 किलोज्यूल धरतात. तुमच्या पुस्तकात 0 अंशाला 180च्या आसपास आकडा असेल, तर तो तक्ता उणे 40 अंशांना शून्य धरणाऱ्या अमेरिकन पद्धतीचा आहे. तळटीप बघा, बहुतेक तिथे लिहिलेलं सापडेल.

आता बर्फाचा हिशेब दोन्हीकडून करून बघू. अमोनियाचं बाष्पीभवन उणे 15 अंशांना, कंडेन्सरमधून (जिथे वाफेचा पुन्हा द्रव होतो) निघणारा द्रव 40 अंशांना. माझ्याकडे वाफेची एन्थाल्पी सुमारे 1444 आणि द्रवाची 391. तुमच्याकडे सुमारे 1424 आणि 371. वजाबाकी दोन्हीकडे 1053. पाणी 30 अंशांवरून 0 अंशाला आणून गोठवायचं तर किलोमागे साधारण 460 किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एक टन बर्फाच्या लाद्यांसाठी 437 किलोच्या आसपास अमोनिया फिरवावा लागतो. ब्राइनच्या (ज्यात बर्फाचे साचे बुडवतात त्या थंड खारट पाण्याच्या) टाकीत बाहेरून शिरणारी उष्णता वगैरे यात धरलेली नाही. तुमच्या तक्त्यानेही हेच उत्तर येतं. घोळ होतो तो एक आकडा तुमच्या पुस्तकातला आणि दुसरा सॉफ्टवेअरचा घेऊन वजाबाकी केली की.

आता ‘वाली नाही’ याबद्दल. कूलप्रॉपची सुरुवात इयन बेल यांनी बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात असताना केली. 2014 साली त्यांनी सहकाऱ्यांसह त्यावर शोधनिबंध छापला. एमआयटी या मुक्त परवान्यामुळे कोणीही कोड उघडून वाचू शकतो. आत प्रत्येक पदार्थासाठी हेल्महोल्ट्झ ऊर्जा नावाच्या राशीचं समीकरण असतं, तापमान आणि घनता यांच्या भाषेत मांडलेलं. दाब, एन्थाल्पी, एन्ट्रॉपी, विशिष्ट उष्मा, सगळं त्याच एका समीकरणाचे अवकलज घेऊन निघतं, त्यामुळे हे आकडे आपापसांत विसंगत होत नाहीत. छापील तक्त्यात दोन ओळींच्या मधला आकडा आपण अंदाजाने काढतो, इथे ती भानगडच नाही. एनआयएसटी या अमेरिकन मानक संस्थेचं याच कामाचं सॉफ्टवेअर, रेफप्रॉप, विकत मिळतं आणि मिश्रणांच्या बाबतीत ते सरस आहे, हे मान्य. पण शुद्ध अमोनियासाठी त्याचे पैसे मोजायची गरज मला दिसत नाही.

ऑपरेटरला उपयोग नाही, हे मात्र तुमचं बरोबर. सक्शन गेज (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या वाफेचा दाब दाखवणारं) 20 पीएसआयच्या जवळपास आहे ना, तेवढं त्याला पुरे. उपयोग होतो तो गेजच्या मागे काय चाललंय हे शोधणाऱ्याला. त्याने एक जपावं: सॉफ्टवेअरला निरपेक्ष दाब (गेजवरचा दाब अधिक हवेचा दाब) लागतो, तोही पास्कलमध्ये. उणे 15 अंशांना अमोनियाचा संपृक्त दाब 2.36 बार, गेजवर दिसतात 1.35. तेच 1.35 सॉफ्टवेअरमध्ये घातले तर उत्तर येईल उणे 27 अंश, आणि चांगल्या चालणाऱ्या प्लांटमध्ये कोणीतरी दोष शोधत बसेल.

आपल्या किनाऱ्यावर मला कूलप्रॉपचा खरा फायदा दिसतो तो दमट हवेच्या हिशेबात. 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) 29च्या घरात जातं. घाटावर 38 अंश आणि 20 टक्के असेल तर ते 21च्या आसपास राहतं. बाष्पीभवनावर चालणारा कंडेन्सर या तापमानाखाली जाऊच शकत नाही. म्हणून तोच कंडेन्सर तिकडे निवांत चालतो आणि इथे मे महिन्यात हेड प्रेशर (कंडेन्सरमधला दाब) चढतं. देशावरच्या अटी धरून काढलेलं कोटेशन कोणी पुढे केलं, तर आधी हा आकडा विचारावा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. कंडेन्सरबद्दलचे निर्णय बहुतेक त्याच काळात होतात, तेव्हा हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

शेवटी तुम्ही तेलाबद्दल विचारलंत. अमोनियात तेल जवळजवळ विरघळत नाही, ते तळाशी साचतं. बाष्पीभवन नळ्यांवर त्याचा थर बसल्यावर उष्णता किती कमी जाईल, याचं उत्तर कूलप्रॉपकडे नाही. त्यासाठी ऑइल ड्रेनच्या नोंदीच बघाव्या लागतील, आणि त्या विषयात तुमचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा आहे. लिहाल का त्यावर?